बर्फावर उतरणारी विमाने

विमान उतरवायला काय काय लागते, याची यादी करायला सांगितली तर तुम्ही ती चटकन कराल. लांबलचक सपाट धावपट्टी, तिच्यावर रंगवलेल्या रेघा, दोन्ही बाजूंचे दिवे, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी आणि मनोऱ्यात बसलेला नियंत्रक. आता या यादीतली एकेक गोष्ट खोडत जा. दिवे नाहीत, रेघा नाहीत, मनोरा नाही, सिमेंट-डांबर तर नाहीच. शेवटी उरतो तो पांढराशुभ्र चढ, दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि खाली जमीन नसून हळूहळू सरकणारा बर्फ. अशा ठिकाणी विमान उतरवणारे वैमानिक अमेरिकेच्या अलास्का राज्यात आहेत, आणि हवा चांगली असेल तर उन्हाळ्याच्या दिवसांत ते हे काम दिवसातून अनेकदा करतात.

अलास्काच्या दक्षिण-मध्य भागात टॅल्कीटना नावाचे एक छोटे गाव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची जेमतेम ३५० फूट. तिथून साधारण ६० मैलांवर उत्तर अमेरिका खंडातले सर्वांत उंच शिखर आहे, डेनाली. त्याची उंची २०,३१० फूट. (या शिखराला पूर्वी मॅकिन्ली म्हणत. २०१५ मध्ये सरकारने डेनाली हे मूळ नाव मान्य केले, २०२५ मध्ये पुन्हा मॅकिन्ली केले. तिथले लोक आणि गिर्यारोहक डेनालीच म्हणतात, आपणही तेच म्हणू.) या शिखरावर जाणारे बहुतेक गिर्यारोहक टॅल्कीटनाहून छोट्या विमानाने काहिल्टना हिमनदीवर उतरतात. उतरण्याची जागा ७,२०० फुटांवर आहे. प्रवास अर्ध्या-पाऊण तासाचा. आपल्याकडच्या प्रेमलता अग्रवाल यांनी २०१३ मध्ये हे शिखर सर करून सातही खंडांतली सर्वोच्च शिखरे पूर्ण केली. तसे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

विमान नव्हते तेव्हा काय होत होते? १९१३ मध्ये हडसन स्टक यांची तुकडी या शिखरावर सर्वप्रथम पोचली. ते लोक मार्चमध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन निघाले आणि शिखरावर पोचले ७ जूनला. म्हणजे अर्धे कष्ट डोंगराच्या पायथ्याशी जाण्यातच खर्च झाले. रस्ता नाही, पूल नाहीत, उन्हाळ्यात दलदल आणि बर्फाच्या पाण्याने फुगलेल्या नद्या. अशा मुलखात विमान ही चैन नव्हे, तिथली ती एस.टी.च आहे म्हणा ना.

आता पहिला प्रश्न. बर्फावर चाके रुततात, हे सांगायला नकोच. म्हणून चाकांच्या जागी स्की, म्हणजे पुढून वर वळलेल्या लांब रुंद पट्ट्या, लावतात. वजन मोठ्या क्षेत्रफळावर पसरले की दाब कमी होतो, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहातच. पण मग अडचण अशी की खाली गावातल्या डांबरी धावपट्टीवर स्की चालत नाहीत. तिथे चाके लागतात आणि वर बर्फात स्की. हा पेच सोडवण्यासाठी चाक आणि स्की यांची जोडी तयार झाली. उड्डाण चाकांवर करायचे आणि हवेत असतानाच, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेने, स्की चाकांच्या खाली आणायच्या. न्यूझीलंडमध्ये हॅरी विगली यांनी अशा वरखाली होणाऱ्या स्की तयार करून १९५५ मध्ये टास्मान हिमनदीवर विमान उतरवले.

ही युक्ती हाताशी नसताना बॉब रीव्ह या वैमानिकाने जे केले ते ऐकून हसू येते. १९३० च्या दशकात ते अलास्काच्या किनाऱ्यावरील व्हॅल्डीझ गावातून डोंगरातल्या सोन्याच्या खाणींना सामान पोचवत. खाणी हिमनद्यांच्या काठी, त्यामुळे वर स्की हव्यातच. उन्हाळ्यात गावात बर्फ नाही. रीव्ह यांनी पाहिले की ओहोटीनंतर खाडीत जो ओला चिखल उघडा पडतो, तो लोण्यासारखा निसरडा असतो. झाले. स्कीच्या तळाला न गंजणाऱ्या पोलादाचा पत्रा ठोकून ते चिखलावरूनच घसरत उड्डाण करू लागले. त्यांचे वेळापत्रक घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर चाले.

या रीव्ह यांच्याच बाबतीत १९३७ साली घडलेला प्रसंग या विषयाचे मर्म सांगतो. ब्रॅडफर्ड वॉशबर्न आणि बॉब बेट्स या दोन तरुणांना कॅनडाच्या युकॉन भागातल्या ल्युकेनिया शिखरावर जायचे होते. १७,००० फुटांहून उंच, आणि तोवर कोणी न चढलेले. १८ जूनला रीव्ह यांनी त्यांना वॉल्श हिमनदीवर उतरवले. उतरणे अगदी व्यवस्थित झाले. पण त्या दिवसांत हवा अवेळी उबदार झाली होती, पाऊसही पडला होता. वरून घट्ट दिसणारा बर्फ आतून रबडी झालेला. विमान थांबले आणि पोटापर्यंत खचले. तिघांनी खणून विमान बाहेर काढावे, रीव्ह यांनी इंजिन सुरू करावे, विमानाने थोडे पुढे जाऊन पुन्हा रुतावे, असे चार-पाच दिवस चालले. अखेर रीव्ह यांनी विमानातले जास्तीचे सगळे सामान काढून टाकले, वजन शक्य तेवढे कमी केले आणि कसेबसे उड्डाण केले. ठरल्याप्रमाणे आणखी दोघे गिर्यारोहक पुढच्या खेपेला यायचे होते. ती खेप झालीच नाही. परत न्यायलाही विमान येणार नव्हते.

वॉशबर्न आणि बेट्स यांनी काय केले असेल? ते ९ जुलैला ल्युकेनियाच्या शिखरावर पोचले आणि मग पलीकडच्या बाजूने शंभर मैलांहून अधिक अंतर चालत माणसांच्या वस्तीत आले. वाटेत ज्या अन्नसाठ्याच्या भरवशावर होते, तो अस्वलांनी फस्त केलेला निघाला. खारी आणि अळंबी खाऊन त्यांनी दिवस काढले.

म्हणजे पाहा, हिमनदीवर विमान उतरवता येणे ही अर्धीच गोष्ट आहे. तिथून ते पुन्हा उठेल का, याचे उत्तर उतरण्याआधी, हवेत असतानाच द्यावे लागते. खाली टेकल्यावर विचार करून उपयोग नाही. या वैमानिकांचे सगळे कसब त्या काही मिनिटांच्या निरीक्षणात आहे. ते काय पाहतात, हे आता जरा सविस्तर बघू.

सगळ्यात आधी बर्फाचा पृष्ठभाग. हिमनदी नावाप्रमाणे वाहते, फक्त फार सावकाश. जिथे ती वळते किंवा तिच्या तळाशी एकदम उतार येतो, तिथे बर्फ ताणला जातो आणि त्याला भेगा पडतात. काही भेगा घराएवढ्या रुंद आणि कितीतरी खोल असतात. उघडी भेग दिसते, तिची भीती कमी. खरी भीती वरून भुरभुरीत बर्फाचे झाकण बसलेल्या भेगेची. अनुभवी वैमानिक तिरप्या उन्हात बघतो, तेव्हा झाकलेल्या भेगेच्या जागी किंचित खोलगट, सरळ जाणारी छाया दिसते. म्हणून तो हिमनदीचा सरळ, एकसारख्या उताराचा पट्टा निवडतो. हा धोका किती खरा आहे, याचा दाखला अगदी सुरुवातीचाच आहे. १९३२ मध्ये जो क्रॉसन यांनी डेनालीच्या मल्ड्रो हिमनदीवर विमान उतरवले, ते वैश्विक किरणांचे मोजमाप करायला निघालेल्या शास्त्रीय मोहिमेसाठी. विमानाला काही झाले नाही. पण मोहिमेतले ॲलन कार्पे आणि थिओडोर कोव्हन हे दोघे नंतर त्याच हिमनदीवर भेगेच्या अपघातात दगावले.

पृष्ठभागाची परीक्षा घेण्याची एक पद्धत मला फार आवडते. वैमानिक इंजिनाची ताकद कायम ठेवून स्की बर्फाला नुसत्या घासत नेतो आणि न थांबता पुन्हा वर उडतो. मग एक चक्कर मारून स्वतःच उमटवलेल्या दोन रेघा नीट बघतो. रेघा कोरड्या पांढऱ्या राहिल्या तर ठीक. त्या काळपट होऊ लागल्या तर खालून पाणी झिरपते आहे, म्हणजे वॉल्श हिमनदीवरची ती रबडी. तिथे थांबायचे नाही. घरी कणीक किती सैल झाली हे बोट दाबून बघतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त बोटाच्या जागी टनभर वजनाचे विमान.

दुसरी गोष्ट प्रकाश. पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या खडूने रेघ मारून लांबून बघा, दिसते का? आकाश ढगाळ असले की हिमनदीवर सावलीच पडत नाही. वर पांढरे, खाली पांढरे, मध्ये क्षितिजाची रेघही नाही. अशा वेळी आपण बर्फापासून पन्नास फूट वर आहोत की पाच, हे डोळ्यांना कळत नाही. उंचीमापक यंत्रावर विसंबता येत नाही, कारण ते हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगते, खाली बर्फ कुठे आहे ते नाही. म्हणून वैमानिक वरून स्प्रूस झाडाच्या फांद्या टाकत. पांढऱ्यावर काहीतरी काळे पडले की डोळ्याला अंदाज येतो. आता झेंडे किंवा काळ्या पिशव्या वापरतात. एवढे करूनही प्रकाश फसवा वाटला तर विमान अगदी मंद वेगाने, मिनिटाला दीड-दोनशे फूट या गतीने खाली आणत राहायचे आणि स्की आपोआप टेकण्याची वाट पाहायची. सरोवराचे पाणी आरशासारखे स्तब्ध असताना पाण्यावर उतरणारी विमाने हेच करतात.

तिसरी गोष्ट चढ. इथे जरा गणित करू. बर्फावरच्या स्कीला ब्रेक नसतो, त्यामुळे थांबवण्याचे काम चढाकडून करून घ्यायचे. समजा चढ दहा मीटरला एक मीटर आहे आणि विमान ताशी ८० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने टेकले. चढामुळे मिळणारे मंदन गुरुत्व त्वरणाच्या एक दशांश, म्हणजे साधारण एक मीटर प्रति सेकंद वर्ग. नववीतले सूत्र लावा: विमान निव्वळ चढामुळेच २५० मीटरांच्या आत थांबते. बर्फाचे घर्षण धरले तर त्याहूनही लवकर. आणि परत जाताना तोच उतार विमानाला वेग घ्यायला मदत करतो. म्हणून वारा कुठूनही असो, बहुधा उतरायचे ते चढाच्या दिशेने आणि उडायचे ते उताराच्या दिशेने. संध्याकाळी थंड झालेली जड हवा हिमनदीवरून खाली वाहू लागते. उतरताना हा वारा समोरून येतो म्हणून सोयीचा, पण उड्डाणाच्या वेळी तोच पाठीमागून लागतो आणि धाव लांबवतो.

पण या सोयीची किंमत मोजावी लागते. साध्या विमानतळावर उतरताना काही चुकतेय असे वाटले तर वैमानिक इंजिनाला जोर देऊन पुन्हा वर जाऊ शकतो. इथे? समजा विमान मिनिटाला ३०० फूट वर चढू शकते आणि त्या मिनिटात सुमारे ६,००० फूट पुढे जाते. म्हणजे वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. आणि समोरची हिमनदी दहा फुटांना एक फूट चढते आहे. विमानापेक्षा जमीन वेगाने वर येते! पुढे दरी अरुंद होत जाऊन कड्याला भिडते, वळायलाही जागा नाही. म्हणून वाटेत एक बिंदू असा असतो, की त्याच्या पुढे गेल्यावर उतरण्यावाचून गत्यंतर नाही. तो कुठे आहे हे कोणी खूण करून ठेवलेले नसते. तो वैमानिकाने मनात आधीच ठरवायचा.

चौथी अडचण डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे विरळ हवा. ७,२०० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ८० टक्केच असते. पंखांना तेवढाच उचल देणारा जोर मिळवायला विमानाला सुमारे १२ टक्के जास्त वेगाने धावावे लागते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, तेव्हा १२ टक्के वेगाला पाव पट जास्त ऊर्जा. आणि ती पुरवणारे साधे इंजिन त्याच विरळ हवेत श्वास घेत असल्याने त्याची ताकद पाचव्या हिश्श्याने घटलेली. गावातून निघताना सहज उचललेले ओझे वर जड का होते, ते यावरून कळेल. यासाठीच सुपर कब हे दोन माणसांचे हलके विमान आणि बीव्हर हे ४५० अश्वशक्तीचे दणकट विमान अलास्कात इतकी लोकप्रिय झाली. बीव्हरचे उत्पादन १९६७ मध्येच थांबले, तरी ती विमाने अजून दुरुस्त करकरून उडवली जातात. तिचे मोठे भावंड ऑटर. त्यातल्या अनेकांना आता नवी टर्बाइन इंजिने बसवली आहेत.

उतरल्यावरही सुटका नाही. घसरताना स्कीखालचा बर्फ घर्षणाने किंचित वितळतो आणि विमान थांबले की ते पाणी गोठून स्की जागच्या जागी चिकटतात. शिवाय उभ्या चढावर थांबले तर विमान मागे घसरायला लागेल. म्हणून वेग संपण्याआधीच वळून विमान उताराला आडवे उभे करायचे. निघताना स्की सुटत नसतील तर शेपटी धरून विमान हलवायचे. हे काम अनेकदा प्रवाशांनाच करावे लागते, आणि मग पळत येऊन आत बसायचे.

काहिल्टनावर चाक-स्कीचे विमान १९५१ मध्ये उतरले. चालवणारे होते टेरिस मूर. ते चक्क अलास्का विद्यापीठाचे अध्यक्ष होते. आणि शेजारी बसले होते ल्युकेनियावरून पायी परत आलेले तेच वॉशबर्न! विमानाने जाऊन त्यांच्या तुकडीने शोधलेल्या वाटेनेच आज बहुतेक लोक डेनालीवर जातात.

पुढे टॅल्कीटनाच्या डॉन शेल्डन यांनी या विद्येला खरे नाव मिळवून दिले. मे १९६० मध्ये डेनालीवर हेल्गा बेडिंग या महिला गिर्यारोहकाला विरळ हवेचा गंभीर त्रास झाला. शेल्डन यांनी आपले सुपर कब १४,००० फुटांच्याही वर, जिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी असते, तिथे उतरवले आणि तिला खाली आणले. त्याच मोहिमेच्या वेळी १७,००० फुटांवर अडकलेल्या जखमी गिर्यारोहकासाठी लिंक लकेट यांनी हेलिकॉप्टर नेले होते.

युरोपात या कामाची सुरुवातही अशाच संकटातून झाली. नोव्हेंबर १९४६ मध्ये एक अमेरिकी डाकोटा विमान स्वित्झर्लंडमधल्या गाउली हिमनदीवर आदळले. आतले बाराही जण वाचले, पण थंडीत अडकून पडले. स्विस हवाई दलाच्या दोन छोट्या श्टॉर्ख विमानांनी २४ नोव्हेंबरला हिमनदीवर खेपा करून सगळ्यांना खाली आणले. नंतर हर्मन गायगर यांनी १९५२ पासून आल्प्समध्ये अशा उतरण्याचे तंत्र बसवले आणि शेकडो लोकांची सुटका केली.

अलास्कात हिमनदीच्या टोकाशी, बर्फ वितळून उरलेल्या गोट्यांच्या पात्रातही विमाने उतरतात. तिथे स्की नको, फुग्यासारखी मोठी, कमी हवा भरलेली टायर लागतात. पंख्याने उडवलेले खडे पंख्याचीच पाती खातात, ही तिथली डोकेदुखी.

आज काहिल्टनावर एप्रिलपासून जुलैपर्यंत तळाची व्यवस्था बघणारी व्यक्ती तंबूत मुक्काम करून असते. ढग किती उंचीवर आहेत, धावपट्टीवर ताजा बर्फ किती पडला, हे ती रेडिओवरून खाली कळवते. बर्फ पडला की गिर्यारोहक स्वतःच ओळीने चालून धावपट्टी तुडवून घट्ट करतात. हवा बिघडली की विमान येत नाही. शिखर सर करून आलेली माणसे भूक आणि कंटाळा सोसत चार-चार दिवस तिथे बसून राहतात. ती चिडतात, पण न आलेल्या वैमानिकाला नावे ठेवणे मला तरी अन्यायाचे वाटते. ऑगस्ट २०१८ मध्ये पोलंडच्या चार पर्यटकांना घेऊन फिरायला गेलेले एक बीव्हर डेनालीजवळच्या कड्यावर ढगात आदळले. वैमानिकाने उपग्रह फोनवरून संपर्क साधला होता. पण ढग हटून बचाव पथक तिथवर पोचायला दीड दिवस लागला. कोणीही वाचले नाही. जागा इतकी धोक्याची होती की ते अवशेष तिथेच ठेवावे लागले.

जूनमध्ये तिथे रात्र अशी फारशी होतच नाही, त्याचा फायदा घेऊन बर्फ गोठून कडक असतो त्या पहाटेच्या वेळी खेपा करतात. जुलै उजाडला की दुपारचा बर्फ मऊ पडतो, पट्टीत भेगा उघडू लागतात आणि शेवटची विमाने तंबू, झेंडे, कचरा, सगळे घेऊन खाली येतात. हिवाळाभर नवा बर्फ साचतो. पुढच्या वर्षी पहिला वैमानिक येतो तेव्हा खाली काहीच खूण नसते. तो एक चक्कर मारतो, स्की बर्फावरून नुसत्या घासत नेतो, वर उडतो आणि मागे वळून आपल्या रेघांचा रंग बघतो.